भरला तांब्या अन् रबरी चाक

माघ वद्य ४, शके १८६०

सगळ्यायच्या आधी गाडीतून उतरली ती मनकर्णाबाई. आमच्या वच्छीची सासू, चिखलीची. मागून तिचा दीर. गूळपाणी पुढं केलं — हात नाही लावला! म्हणे, "आधी तुमची गाडी दाखवा."

वच्छी माही नात, माह्या लेकाची, उकंडरावाची थोरली. तिनंच मले चुलीपाशी कोळशानं अक्षरं शिकवली, म्हणून हे लिहिणं. आता तिले दिवस आहेत. पयलं बाळंतपण माहेरीच होते. मी पणजी होणार! चौघीयले सांगून झालं, पाचवी सापडली की तिलेही सांगीन.

त विहीणबाईनं काय करावं? तांब्या काठोकाठ भरून मागतला. मांडीवर धरून आमच्या गाडीत बसली अन् म्हणे, "हाका." वेशीपर्यंत जाऊन आली. तांब्या रिकामा, लुगडं चिंब!

"हे त नुसतं पानी होतं, विहीनबाई. माह्या सुनेच्या पोटात काय हाय ते मालूम हाय ना? चाकाले लोखंडी धाव असलेल्या गाडीत मी तिले धाडत नाही. रबरी चाकं लावा, मंग या."

स्वतः भाड्याच्या रबरी गाडीत बसून गेली. जाताना गूळ मात्र खाल्ला.

माघ वद्य ५

राग आला. पण बाई खोटं नाही बोलली. उकंडरावाच्या वेळी मी माहेरी गेली होती ते एकेक हाड मोजत गेली होती.

माघ वद्य ८

चाकाचं सांगायले गाव गोळा झालं. पुंजाजी सुतार म्हणे, "रबर कायले? धाव रुंद करू. काळ्या मातीत फसत नाही, दगडाले भेत नाही."

उकंडराव म्हणे, "धाव नाही भेत, पन पोरगी भेते ना!"

कोणी म्हणे टांग्याचं भरीव रबर लावा. कोणी म्हणे ते बारीक असते, मातीत रुतन — हवेचंच घ्या. मी इचारलं, "अन् हवा निघून गेली त?" सगळे हसले.

माघ अमावास्या

अमावास्येले नवं सामान आणू नको म्हटलं होतं. आणलंच. मोटारीचे जुने टायर — एक बुलडाण्याहून, एक मलकापूरहून. पुंजाजीनं बसवले त एक चाक उंच, एक ठेंगणं! गाडी अशी उभी जशी लंगडी म्हैस. वच्छीची माय सोजरा आधी हसली, मंग पदर डोळ्याले लावला. "सातव्यात आनाची पोरगी, आठवा सरत आला," म्हणे.

मंग मी उकंडरावाले धरलं. "बैल घेताना दात पाह्यतं, खांदा पाह्यतं, जोड लावून पाह्यतं. अन् चाकं दोन बापाचे आनतं काऊन बे?"

फाल्गुन शुद्ध ४

जोडीची चाकं आली, एकाच मोटारीची. मीच बसली तांब्या घेऊन. वेस, मारुती, नाला — थेंब नाही सांडला! पाळण्यात बसल्यावानी. म्हटलं झालं, आता वच्छी आली.

सडकेले लागायच्या आधीची आमची पांदण, शेतातली गाडीवाट. तिच्यात शिरलो अन् — फुस्स! मले वाटलं साप. तांब्याच फेकला. बाभळीचा काटा, बोटाएवढा.

फाल्गुन शुद्ध ५

आज दुसरं चाक. फुस्स! पुंजाजी दोन्ही चाकं खोलून घेऊन गेला.

फाल्गुन शुद्ध ८

भाकर थापता थापता उजेड पडला. पांदणीत बाभळ त एकही नाही! मंग काटे येतात कुठून? विहीणबाईची रबरी गाडी त सुखरूप गेली होती! खळ्याले कुंपण कराले दरसाल माघ सरता सरता सगळे नाल्यावरच्या बाभळीच्या फांद्या तोडतात, गाडीमागे बांधतात अन् याच वाटेनं फरफटत नेतात. आम्हीही. लोखंडी चाकाखाली काटा मोडून जाये, कोणाले समजलंच नाही. चाक निवडता निवडता दिवस गेले, वाट कोणी पाह्यली नाही!

उकंडरावाले म्हटलं, तो म्हणे, "आता काय पांदन झाडाची, माय?"

हाव! खराटा घेतला अन् निघाली.

फाल्गुन शुद्ध ११

कंबर गेली. गोजरबाई पाण्याले चालली होती, थांबून म्हणे, "बुढे माय, वरात येऊन राह्यली का?"

"हाव, रबराची!"

घागर ठेवून आली बिचारी खराटा घेऊन. तिच्यामागं आणखी दोघी-तिघी. अन् दुपारी पाह्यते त काय — कोण्या मेल्यानं झाडलेल्या वाटेवरून पुन्हा फांद्या ओढत नेल्या! ओट्यावर बसून रडली मी. मंग उकंडरावानं मारुतीच्या पारावर जाऊन सगळ्यायले हात जोडले — फांद्या गाडीवर टाकून न्या, ओढू नका.

होळी

झाडलेले काटे होळीत टाकले. काय पेटली! पुंजाजीनंही टोपलंभर आणून टाकले. चाकाले ठिगळं त्यानंच लावून आणली.

फाल्गुन वद्य ३

उकंडराव पहाटे गेला. गाडीत गादी, गादीवर माही गोधडी. पांदण पार होईस्तोर मी मागं मागं चालली. फुस्स नाही झालं. नववा लागला वच्छीले. तिच्यासाठी शेवया काढून ठेवल्या.

फाल्गुन वद्य ४

गाडी आली. रिकामी! उकंडराव हसत उतरला — "माय, उशीर झाला आपल्याले. मी पोचलो त पोरगी झालेली. दोघी खुशाल हायेत."

माहेरी नाही झालं. त्याचा राग उद्या येईन. आज नाही येत.

विहीणबाईचा निरोप — "म्हना, एक थेंब सांडला नाही."

पांदण पुन्हा झाडावी लागन. वैशाखात अखाजीच्या सणाले येतो म्हणाले चिखलीवाले, दोघीयले घेऊन.