लाल टाका कोणाच्याही नावावर नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, व्यवसाय सायकल-प्रवासाच्या हलक्या बॅगा शिवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरीणबाईंचा आज सकाळचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. मग विचारले, "अजून सायकल चालवता?" मी हो म्हटले. "चढावरसुद्धा?" त्यालाही हो म्हटले. "वाराचं ठीक होतं हो," त्या म्हणाल्या, "पण या उत्तरांनी दाखला अडायचा." सही मात्र त्यांनी हसत हसत केली.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मुलाच्या नावावर होते. ते लिहिले तेव्हा तो आणि त्याची बायको एका घरात राहत होते.

खाली नमूद केलेली मालमत्ता माझी स्वकष्टार्जित आहे. हा शब्द मी वकीलबाईंना दोनदा घालायला सांगितला होता. त्या म्हणाल्या, एकदा पुरतो. म्हणून येथे एकदाच, पण ठळक अक्षरात आहे असे समजून वाचावा.

१. राहते घर, म्हणजे वरचा मजला, त्यातील सामानसुमान, तसेच माझ्या आजारपणाचा खर्च भागवून बँकेत जे उरेल ते, माझ्या मुलास द्यावे. तो चांगला मुलगा आहे. रोज संध्याकाळी न चुकता फोन करतो आणि मी जेवले का ते विचारतो. त्याला सायकलीचे प्रेम नाही, याचा मी राग धरलेला नाही. लहानपणी त्याला मागे बसवून, दोन्ही बाजूंना बॅगा लटकवून आम्ही गावेच्या गावे पालथी घातली. "आई, तुम्ही दोघं मला सामानातच धरायचात," असे तो अजून म्हणतो. खरे तर सामानाचे वजन आम्ही आदल्या रात्री करत असू, त्याचे कधीच केले नाही. एवढे त्याने लक्षात घ्यावे.

२. माझ्या दिवंगत पतींची सायकल. (यापुढे त्यांचा उल्लेख "हे" असा येईल, कारण ते हयात असताना मी त्यांना दुसरे काही म्हटलेले नाही.) ती चौकातल्या पंक्चरवाल्यास द्यावी. ह्यांच्यानंतर तिला तेलपाणी त्यानेच केले, आणि आपणहून केले.

ह्यांना हलकेपणाचे वेड होते. प्रवासाला निघायचे ठरले की टूथब्रशचा दांडा अर्धा कापत, नकाशाच्या कोऱ्या कडा कातरत, शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी उसवून तळहातावर तोलून बघत. एकदा मला न विचारता त्यांनी माझ्या सीट बॅगेच्या पट्ट्यांची लोंबती टोके कापून टाकली. "नुसती लोंबतात," म्हणाले, "काम काय त्यांचं?" काम काय ते घाटात कळले. धुक्याने तंबू ओला झाला. ओल्या तंबूची गुंडाळी कितीही आवळली तरी जाडच होते. पट्टा बकलापर्यंत पोहोचेना. ह्यांनी बुटाची नाडी काढून बॅग बांधली आणि उरलेला घाट एक बूट फटफटवत चढले.

"हसू नकोस," मागे न बघता म्हणाले.

"हसत नाहीये, दम लागलाय," मी म्हटले.

त्या दिवसापासून आमच्या कार्यशाळेत पट्ट्याला तळहाताएवढे शेपूट सोडले जाते. वजन वाचवायचे तर ते कापडात वाचवावे, शिवणीच्या घडीत वाचवावे. माणसाच्या अडचणीसाठी ठेवलेली जागा कापू नये. ह्यांनीही पुढे हे मान्य केले, मात्र नाडीची गोष्ट चारचौघांत काढली की विषय बदलत.

३. भाऊजींबद्दल. मी शिवलेली पहिली हँडलबार बॅग पाहून ते भरल्या बैठकीत म्हणाले होते, "वहिनी, ही बॅग आहे की सायकलला गळू झालंय?" सगळे हसले. मीही चहाचे कप उचलून आत गेले. तीच बॅग ते पुढे न विचारता घेऊन गेले आणि आजतागायत तिच्यातून भाजी आणतात. एकही शिवण उसवलेली नाही. सदर गळू त्यांच्याकडेच राहू द्यावे. परत मागू नये.

४. आता ज्यासाठी हा कागद केला ते.

तळमजल्यावरील कार्यशाळा, तिच्यातील दोन्ही शिलाई मशीन, कापायचे टेबल, कात्र्या, वजनकाटा, कापडाचे तागे आणि कापड बेतायचे पुठ्ठ्याचे सर्व फर्मे माझ्या सुनेस द्यावेत. मुलाचे आणि तिचे पटले नाही, दोघे रीतसर वेगळे झाले. चूक कोणाची याचा निवाडा मी केला नाही आणि या कागदातही करत नाही. कायद्याने ती आता माझी कोणी लागत नाही. मी नवीन काही लिहून न ठेवता गेले तर तिला आपल्याच मशीनवरून उठून जावे लागेल. म्हणून लिहिते आहे.

कोर्टाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. चपला पायातच होत्या.

"आई, येऊ का?"

"उशीर का केलास?" मी विचारले.

ती आत आली, मशीनवरचे कापड काढले आणि कामाला लागली. त्यावर आम्ही आजवर आणखी काही बोललेलो नाही.

नातेवाईक विचारतात, "आता ती तुमची कोण?" त्यांच्यासाठी पुढचा प्रसंग नोंदवते. आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई निवृत्त झाल्यावर सायकलने थेट समुद्रापर्यंत जाऊन आल्या. परतल्यावर आमच्याकडून घेतलेली बॅग झिपची चेन बदलायला घेऊन आल्या. बॅगच झिजलेली होती म्हणून मी म्हटले, "नवीन देते." त्यांनी बॅग पोटाशी धरली. "चेन बदला. बॅगेला हात लावू नका." मी ती उलटी करून उजेडात धरली. माझी की सुनेची, ते सांगता येईना. मी शिवणीवर बोट फिरवले, कोपरे दाबून पाहिले, काही केल्या कळेना. शेवटी पट्ट्याचे शेपूट दिसले. ते मागे दुमडून एका टाक्याने त्याचा छोटा फास केला होता, म्हणजे चाकाकडे लोंबू नये आणि गरज पडली तर ओढून मोकळे करता यावे. मी नियम केला होता. तिने त्या नियमाला घडी घातली होती आणि मला सांगितलेही नव्हते.

"हे तुझं का ग?" मी विचारले.

"चुकलं का?"

"चुकलं असतं तर विचारलं नसतं, उसवलं असतं."

त्या दिवशी मला जेवण गेले नाही, इतका अभिमान वाटला. ती माझी कोण, याचे माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

या देणगीस एकच अट. नव्या फर्म्याची पहिली बॅग शिवणाऱ्याने स्वतः सायकलला लावावी, सामानाने भरून पाण्याच्या टाकीकडचा चढ चढावा, आणि मगच ती विकावी. मी हे कालपर्यंत केले आहे. तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

५. लाल टाका. आमच्या प्रत्येक बॅगेच्या झाकणाआड लाल दोऱ्याची छोटी फुली असते. ती माझी खूण. लोक आधी झाकण उघडून ती बघतात, मग किंमत विचारतात. मुलाने एका मोठ्या व्यापाऱ्यास घरी आणले होते. माणूस गोड बोलला. "मावशी, खोली नको, मशीन नको, माणसंही नकोत. फक्त तो लाल टाका आम्हाला द्या."

"नुसता टाका घेऊन शिवणार काय?" मी म्हटले.

मुलगा म्हणाला, "आई, तुझं नाव जगभर जाईल." त्याने हे प्रेमाने म्हटले, हे मला ठाऊक आहे. पण बाळा, माझे नाव जगभर जाऊन आले आहे, सायकलला बांधून.

सबब लाल टाका मी कोणासही देत नाही. मुलास नाही, व्यापाऱ्यास नाही, सुनेसही नाही. तो माझ्याबरोबर संपेल. माझ्यानंतर शिवलेल्या बॅगेवर लाल फुली दिसली तर ती खोटी समजावी.

सुनेने इतकी वर्षे स्वतःच्या कामावर माझी खूण घातली. परवा मी तिला सहज विचारले, "तुझा आवडता रंग कोणता ग?"

"कशाला?"

"सहज."

"आई, तुमचं सहज मला चांगलं माहितीये. कोणाची ऑर्डर आहे?" मग सुई ओवता ओवता म्हणाली, "पिवळा. पिकल्या लिंबाचा असतो ना, तसा."

त्या रंगाचे रीळ टेबलाच्या डाव्या खणात कागदात गुंडाळून ठेवले आहे. तेही तिचे.

६. मी गेल्यावर कार्यशाळा एक दिवस बंद ठेवावी, जास्त नाही. लोकांना प्रवासाला निघायचे असते.

वर लिहिलेले सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. वाचत असता खाली मशीन चालू होते. सुनेला या कागदाची कल्पना नाही. शेजारचे दातांचे डॉक्टर आणि ग्रंथपालबाई एकदम वर का आले, याचे तिला नवल वाटत असेल. सही करायला पेन उचलले तोच तिने नेहमीप्रमाणे खालून हाक मारली, "आई, शेपूट किती सोडू?" तिला माहीत असते, तरी विचारते. मीही दर वेळी सांगते, तळहाताएवढे. आज म्हटले, "तुझ्या तळहाताएवढं."

मशीन थांबले. मग ते पुन्हा सुरू झाले, आणि मी सही केली.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: निवृत्त ग्रंथपालबाई, बॅग सोबत (सही)

स्थळ: कार्यशाळेवरची खोली
दिनांक: बारा, गुरुवार. वार डॉक्टरीणबाईंना सांगितला तोच.