कॅमेरा बंद केल्यानंतरचं

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा माहितीपट काढणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. धाकट्या भावाने उगाच शंका काढू नये. त्याच्या शुद्धीचा दाखला मी कधी मागितला नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नीस. पस्तीस वर्षं तिने माझ्यापायी मोर्चे आणि धमक्यांचे फोन झेलले. शिल्लक बघून तिने हसू नये.

२. कॅमेऱ्याचा स्टँड धाकट्या भावास. माझी कुठलीही फिल्म बघून तो "दोन्ही बाजूंचं बरोबर आहे" म्हणायचा. स्टँडही असाच, कधी इकडे कलतो, कधी तिकडे.

३. कॅमेरा माझ्या साउंडवालीस, एका अटीवर. वादाच्या विषयावर कॅमेऱ्यासमोर जो तो शहाण्यासारखं बोलतो. म्हणून मी "झालं, बंद केला" म्हणायचो, चहा मागवायचो आणि कॅमेरा चालूच ठेवायचो. मंत्री, मास्तर, डॉक्टर, कुणाला सोडलं नाही. ही लबाडी तिने करू नये.

४. कपाटातली न दाखवलेली फिल्म. शवागारात काम करणाऱ्या एका माणसाला आमच्या सोसायटीने भाड्याने जागा नाकारली, त्यावरची. अध्यक्ष माझी ताई. कॅमेऱ्यासमोर म्हणाली, "आम्हाला सगळे सारखे." 'बंद' केल्यावर म्हणाली, "अरे, लिफ्टमध्ये त्याच्या शेजारी कोण उभं राहणार?"

ताईची अब्रू राखायला मी फिल्म दाबली, असं सगळे समजतात. ताईसुद्धा. दर वाढदिवसाला मला स्वेटर विणून देते. अकरा झाले. ते तिला परत करावेत, कारण तिच्या वाक्यानंतर फिल्ममध्ये आणखी एक आवाज आहे: "खरंय ताई, मलाही कसंतरीच झालं असतं." तो माझा. आजही लाज वाटते.

माझ्या पश्चात फिल्म दाखवावी. ताईचं वाक्य हवं तर कापा, माझं कापायचं नाही.

त्या माणसाशी पुढे माझी दोस्ती झाली. त्याला हे तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून साक्षीदार केलं. सही करण्याआधी वाचेल तरी.

ठिकाण: राहतं घर, तिसरा मजला. दि. १४ मार्च, दुपारी.

(सही)

साक्षीदार पहिला: समोरचे दंतवैद्य. (सही) चष्मा घरी राहिल्याने मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार दुसरा: शवागार कर्मचारी. (सही) वाचलं. त्या दिवशी मी पुन्हा अर्ज घेऊन ताईंच्या दाराबाहेरच उभा होतो, तेव्हाच ऐकलं होतं. तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होतो.