पुढचं दार

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजारच्या बंद घराचं कुलूप तोडून चोरांनी नळाच्या तोट्यासुद्धा काढून नेल्या, हे तू चार ओळींत गमतीनं लिहिलंस आणि खाली लगेच उशांच्या अभ्र्यांचं सुरू केलंस. मला त्यात गंमत दिसली नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तू फोन ठेवतही नाहीस. उद्या काही झालं तर भावाला ते पोस्टानं कळायचं.

तेव्हा घराला कॅमेरे लावायचे असं मी ठरवलंय. तिथला एक कॅमेरावाला शोधून त्याच्याशी बोललोही आहे. तीन पुरतील. एक पुढच्या दारावर, एक मागच्या दारावर, एक गच्चीच्या जिन्यावर. चोराचा हात पोचू नये, पण चेहरा दिसावा इतक्या उंचीवर. नुसती टाळकी दिसून काय उपयोग? भिंगावर थेट ऊन यायला नको आणि समोर हलणारी फांदी नको, नाहीतर वारा सुटला की इथे माझा फोन वाजत बसेल. चष्म्याच्या दुकानात जन्म गेलाय माझा, भिंगाचं मला कोणी शिकवू नये. तू फक्त घराचा नकाशा काढून पाठव. मी घर सोडलं त्याला इतकी वर्षं झाली की मधे तू काय बांधलंस न् काय पाडलंस, मला ठाऊक नाही.

आणखी एक स्पष्टच लिहितो. तू एकटी राहतेस हे माझ्या मनाला पटत नाही. तू म्हणतेस की दिवसभर दारात माणसांची ये-जा असते. ती मला कॅमेऱ्यात दिसली की 'इकडे ये' हे मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. नाही दिसली, तर घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं. इथे एक खोली तुझ्यासाठी रिकामीच आहे. यावर आता वाद नको.

लोभ आहे तो नकाशात दिसू दे.
तुझा,
गुंड्या

१४ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

लहानपणी शर्टाची गुंडी गिळून घरादाराला पळवलंस, तेव्हापासून तुझं तेच चालू आहे. आता साठी उलटली तरी आम्हाला पळवतोसच. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाक, मी इकडे शिडी धरते.

नकाशा सोबत आहे. बेतायच्या कागदावर काढलाय आणि मापं इंचांत घातली आहेत, त्यामुळे घर थोडं सदऱ्यासारखं दिसतं. माजघर म्हणजे पाठ समज आणि स्वयंपाकघर म्हणजे बाही. कागद पुरला नाही म्हणून गल्ली आणि रस्ता काढलेला नाही, ते तुला माहीत आहेतच.

मागच्या दारावर कॅमेरा नको. ते दार मी कधीच बंद करून टाकलंय, त्याच्याआड मोठं कपाट आहे. चोर तिथून आलाच तर थेट माझ्या जुन्या चादरींत येऊन पडेल आणि झोपी जाईल. जिन्यावर लाव, पण त्याचं तोंड कपड्यांच्या दोरीकडे करू नकोस. म्हातारी झाले म्हणून माझं वाळत घातलेलं सगळं तू फोनवर बघावंस असं काही नाही.

पुढच्या दारावर खुशाल लाव. तिथून सगळेच येतात. शेजारच्या मास्तरीणबाई संध्याकाळी चहाला येतात, त्या आता केस नीट करून येतील. शिवण शिकणाऱ्या दोघी येतात, त्या तर कॅमेऱ्याला जीभ दाखवतील. गिऱ्हाइकं असतातच. तुझी ती खोली तुझ्या नातवंडांना खेळायला राहू दे. मला माझी शिवणयंत्राची खिडकी सोडून कुठे जायचं नाही, हे मीही स्पष्टच लिहिते.

दुकानात उभं राहून पाय सुजवून घेऊ नकोस. माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.
तुझी,
ताई

२२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॅमेरे लागून तीन आठवडे होऊन गेले. कॅमेरावाल्याला मी सांगितलं, एक पुढच्या दारावर, दुसरा जिन्यावर, तिसरा रद्द. त्यानं काम चोख केलंय. चित्र इतकं स्वच्छ आहे की पायरीवरचा टवका दिसतो. सकाळी पेपरवाला सायकल फाटकाला टेकवून पलीकडच्या घरात पेपर टाकतो. उन्हं पायरीवर चढली की एक पिवळं कुत्रं येऊन आडवं होतं. दुपारभर ते सावलीबरोबर सरकत भिंतीपर्यंत जातं. मग शाळा सुटते, एक मुलगी रोज फाटकावरून काठी फिरवत जाते. सूर्य पलीकडच्या टाकीमागे गेला की चित्र करडं होतं.

ताई, एवढं सगळं दिसतं, पण आपल्या दारात कोणी येत नाही. मास्तरीणबाई दिसल्या नाहीत. त्या दोघी मुली दिसल्या नाहीत. गिऱ्हाईक तर एकही नाही. आणि याहून वाईट म्हणजे तूही दिसत नाहीस. जिन्यावरच्या कॅमेऱ्याचं तोंड तुझ्या दोरीपायी इतकं वळवलंय की त्यात नुसता कठडा दिसतो. पायरी झाडायलासुद्धा दार उघडत नाहीस. तू आजारी आहेस का? की इतके दिवस घराबाहेरच पडत नाहीस?

मला राग आलेला नाही. पण आपलं ठरलं होतं. मी जूनमध्ये येतो आणि तुला घेऊन जातो. घराला गिऱ्हाईक बघायला एकाला सांगून ठेवतो.

उत्तर लगेच हवं, बाकी लोभ नंतर.
तुझा,
गुंड्या

२९ एप्रिल

चि. गुंड्यास,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता घेतलाय.

जन्मभर लोकांना चष्मे लावलेस, आता स्वतःचा नंबर तपासून घे. तू तीन आठवडे बघतोयस ते आपलं मागचं दार आहे. त्याच्याआड कपाट आहे असं मी लिहिलं होतं ना? मग त्यातून मी बाहेर येणार कशी, चादरींतून पोहत?

विसरलास तू. हे घर बांधलं तेव्हा तिकडे रस्ता नव्हता, नुसता माळ होता. सगळी वस्ती गल्लीच्या बाजूला, म्हणून स्वयंपाकघराशेजारचं गल्लीतलं दार ते पुढचं दार. मोठा रस्ता मागाहून आला, घराचा नंबर त्या बाजूला लागला, फाटक झालं, पण वडिलांनी सांगितलं की रस्ता उलटा आला म्हणून आपण उलटं व्हायचं नाही. आपल्या घरात मागचं ते मागचंच राहिलं. तू शाळेतून त्याच पुढच्या दारानं यायचास आणि तिथेच दप्तर फेकायचास. कॅमेरावाला बिचारा परका, त्याला रस्त्याकडचं दार पुढचं वाटणारच. पण तुला वाटावं, याचं मला वाईट वाटलं. हा शब्द कळणारी आपण दोघंच उरलोय.

माझी माणसं सगळी गल्लीतून येतात. तेव्हा घराचं गिऱ्हाईक परत पाठव.

तूर्त इतकंच.
ताई

६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मान खाली गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत झाली माझी. दप्तर फेकायची जागा लगेच आठवली, कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपासकट. पण तोपर्यंत इतके दिवस ते दार बघत होतो आणि ते आपलं पुढचं नाही असं एकदाही मनात आलं नाही. बाहेरच्या माणसासारखा मी नंबराची पाटी बघून चाललो.

तुझ्यावर शंका घेतली, त्याबद्दल माफ कर. घर विकायचं मी त्या माणसाला नको म्हणून कळवलं. कॅमेरावाला पुढच्या सोमवारी येईल आणि कॅमेरा काढून गल्लीतल्या दारावर लावील. मास्तरीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना आता चहाला येताना बघीन.

चूक पोटात घाल आणि लोभ तसाच ठेव.
तुझा,
गुंड्या

११ मे

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

कॅमेरावाल्याला पाठवू नकोस. कॅमेरा आहे तिथे राहू दे.

मागचं पत्र टाकून आले आणि शिवायला बसले, तर एकच शिवण चारदा उसवली. तू माफी मागितलीस, त्यानं जास्तच झालं. आता लिहूनच टाकते. गल्लीतल्या दारानंही कोणी येत नाही.

मास्तरीणबाई गेल्या वर्षीच मुलाकडे राहायला गेल्या. चोरी झाली ते बंद घर त्यांचंच. शिवण शिकणाऱ्या दोघींना कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं, चांगलं झालं त्यांचं. गिऱ्हाइकं तयार कपडे घेतात. कधी कोणी चेन बसवायला पिशवी आणून देतं, तेवढंच. पण तुला पत्र लिहायला बसले की मी बाईंना चहाला बोलवायची, मुलींना जीभ दाखवायला लावायची. लिहिताना त्या खरंच आल्यासारखं वाटायचं. खोटं लिहिते आहे असं सुरुवातीला वाटायचं, नंतर तेही वाटेनासं झालं.

कॅमेरावाला रस्त्याकडे शिडी लावत होता, तेव्हा मी तिथेच होते. दार चुकलं हे मला तेव्हाच कळलं होतं. मी शिडी धरली आणि गप्प राहिले. म्हटलं, बरं झालं, तिथे कोणी दिसलं नाही तर सांगायला कारण आहे.

गुंड्या, मला एकटं वाटतं. फार वाटतं. दुपारी यंत्र थांबवलं की घर इतकं गप्प होतं की मी पुन्हा पाय मारायला लागते, खाली कापड नसलं तरी. पण मला तिकडे यायचं नाही. परक्या घरात एका खोलीत बसून एकटं वाटण्यापेक्षा हे बरं. ठरलं होतं ते तू पाळायला मोकळा आहेस. मी भांडणार नाही, पण मनापासून येणार नाही.

आता तुझं. मला ऐकू कमी येतं, वाचता नीट येतं. सकाळचा पेपरवाला तू बघतोस, दुपारभर कुत्र्याची सावली बघतोस, शाळा सुटताना बघतोस, दिवस मावळताना बघतोस. मग दुकान कोण बघतं? आणि नातवंडांचं मी लिहिलं, त्यावर तू दोन पत्रांत चकार शब्द काढलेला नाहीस. मला उत्तर नको असेल असं समजू नकोस.

तुझीच,
ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कॅमेरावाल्याला नको म्हणून सांगितलं आणि नेहमीसारखा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून जेवायला बसलो. तर मागचं दार उघडलं.

इतके दिवस ते दार बघतोय, ते उघडतं हेच मी विसरलो होतो. आधी थोडी फट पडली आणि एक चादर बाहेर पडली. मग तू आलीस. पाठीला हात लावलास, म्हणजे कपाट एकटीनंच सरकवलंस, तुला काय म्हणावं? मग आत जाऊन स्टूल आणलंस, पायरीवर ठेवलंस आणि चिंचांची टोपली घेऊन अगदी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलीस. कुत्रं उठून बाजूला झालं. केस पार पांढरे झालेत तुझे, हे कोणी मला सांगितलंच नव्हतं. तू चिंचा सोलत होतीस आणि मी जेवत होतो. त्या दिवशी मी एक पोळी जास्त खाल्ली.

दुकान मी आतल्या सामानासकट देऊन टाकलं एकाला, तुझी भावजय गेल्यावर वर्षाच्या आत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायला बसलो की मलाच रडू यायचं. पोरगा, सून, नातवंडं नव्या नोकरीच्या गावी गेली. बरंच झालं, त्यांचं चांगलं चाललंय. तुझ्यासाठी एक खोली रिकामी आहे असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. इथे सगळ्याच खोल्या रिकाम्या आहेत. कॅमेरे तुझ्यासाठी म्हणून लावले, पण बघायला काहीतरी मलाच हवं होतं. आपल्या घराची पायरी दिसली की दिवस जायचा.

तुला घेऊन यायचं मी पुन्हा बोलणार नाही.

एक विचारायचं राहिलं. चिंचा सोलताना तू बोलत होतीस. बराच वेळ ओठ हलत होते, मधे एकदा हसलीसही. त्या कॅमेऱ्यातून आवाज येत नाही. काय बोलत होतीस ते जमलं तर लिही.

लोभ आहेच, तो आता दिसतोसुद्धा.
तुझा,
गुंड्या

२५ मे

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. चिंचा किडक्या निघाल्या हे म्हणाले. त्या कुत्र्याला हाड् म्हणाले, ते हललं नाही म्हणून हसले. तुझी बायको फार चांगली होती हेही म्हणाले. ते पत्रात लिहायला मला धीर झाला नव्हता.

बाकी सगळा वेळ एकच म्हणत होते. तू ये. राहायला ये.

वाट बघते.
ताई