आईच्या टॅबमधला मी

४ मार्च
रोजनिशी लिहायची ठरवून वर्ष झालं. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर वही सापडेना. असो. आजपासून रोज. कारणही तसंच आहे. आईची व्यवस्था लावायचीय. तिला डिमेन्शिया झालाय. ताई म्हणते, ओळखतेय तोवर घरी ये. ताईला टेक्नॉलॉजी कळत नाही.

९ मार्च
टॅब पाठवला. त्यात माझा व्हिडिओ, रोज सकाळी आपोआप सुरू होणारा. आईला बोलता यावं म्हणून मध्ये गॅप ठेवलेत. आई, कशी आहेस? गॅप. अरे वा, छान! याला डोकं लागतं.
इथे डोंगरात सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानात काम मिळालं. मालकाने विचारलं, पंक्चर काढता येतं? म्हटलं, येतं. शिकेन. दुकानात तीन पायांचा कुत्रा आहे, भलताच हुशार. त्याच्यावर सविस्तर लिहायला हवं.

१७ मार्च
ताईचा फोन. आई बाथरूममध्ये घसरली, गुडघा टम्म सुजला. तिने ते टॅबला सांगितलं. मी म्हणालो, अरे वा, छान!
ताई म्हणाली, टॅबमध्येसुद्धा तू तसाच आहेस. ही दिवसभर लोकांचे कपडे अल्टर करते; माणूस दिसला की त्यालाही उसवते.
उपाय सापडला. नवा व्हिडिओ. नुसती मान हलवायची. हं... मग? हं... खरंय तुझं. सुखालाही चालतं, दुःखालाही.

२९ मार्च
जबरदस्त यश! आई टॅबशी तासन् तास बोलते. ताईला म्हणाली, पोरगा सुधारला गं, आता ऐकून घेतो.
त्याच खुशीत आज खराखुरा व्हिडिओ कॉल केला. मी आपला सायकली, डोंगर, कुत्रा, सगळं सांगत सुटलो. आईने ताईला विचारलं, हा कोण मेला मध्ये मध्ये बोलतोय? बंद कर त्याला, माझा मुलगा यायची वेळ झाली.
नेटवर्क खराब होतं. चेहरा नीट दिसला नसणार.

२ एप्रिल
काम सोडलं. (पंक्चरचं उघडकीला आलं म्हणून नव्हे.) घरी निघालोय. समोर उभा राहिलो की ओळखणारच. आई आहे ती. टॅब काय, तात्पुरती सोय. काय काय बोलायचं ते पाठ केलंय. नको. फक्त ऐकायचं.

५ एप्रिल, सकाळी
पोचलो. ताईने दार उघडलं आणि टोमणा मारलाच नाही.
आई खिडकीशी. मांडीवर उशी, उशीवर टॅब. मी म्हटलं, आई. तिने तोंडावर बोट ठेवलं. शिलाई मशीनच्या स्टुलावर गप्प बसून हे लिहितोय.
टॅबमधला मी मान हलवतोय. हं... मग?
आई त्याला हळूच सांगतेय, थांब हं बाळा, कुणीतरी पाहुणे आलेत. लांबून आलेले दिसतात. पाणी देऊन येते. तू जाऊ नकोस कुठे.