कोटाची उजवी बाजू

३ मार्च, सोमवार

काल माजी सैनिक मंडळाच्या वार्षिक सभेत ह्यांना सगळ्यांसमोर कोटावरची पदकं काढून ठेवायला लावली. म्हणून ही वही उघडली. बोलावं असं माणूस घरात एकच, आणि ते कालपासून बोलत नाही.

घडलं तसं लिहून काढते. मंडळाला नवा चिटणीस आला आहे. तरुण, कडक इस्त्रीचा, हातात यादी. हल्ली बाजारात पदकं विकत मिळतात, कुणीही लावून फिरतो, म्हणून कुणाला कोणतं पदक मिळालं त्याची सरकारी यादी त्याने मागवून घेतली. दारातच एकेकाला पडताळत होता. ह्यांच्यापाशी थांबला. बोट यादीवरून खाली, पुन्हा वर. "काका, तुमच्या नावावर एकही पदक नाही. ही काढून ठेवा." एवढ्या मोठ्याने, की आतले चहाचे कप वाजायचे थांबले.

ह्यांनी काढली. आजारपणापासून उजवा हात लुळा, म्हणून डाव्या हाताने, चाचपडत. पिन निघेना. मी पुढे झाले तर माझा हात बाजूला केला. दोन्ही पदकं बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली आणि चालू लागले.

मी चिटणिसाला म्हटलं, "तू जन्मला नव्हतास तेव्हा हे तिथे जखमींची गाडी चालवत होते!"

"असतील, बाई. पण यादीत नाहीत."

पदकं त्यानेच ठेवून घेतली. एप्रिलअखेर पुरावा आणा, नाहीतर नाव कमी करू – खोटी पदकं लावली, असा शेरा मारून.

आणि सकाळी मीच किती हौसेने लावली होती! दर वर्षी हे स्वतः लावतात – वाकडीतिकडी, आणि तीही उजवीकडे. दर वर्षी मी ओरडते, "अहो, जगात कुणी उजवीकडे लावतं का?" "राहू दे," एवढंच उत्तर. यंदा हात चालत नाही. मग मी लावली. फितींवरून हलकी इस्त्री फिरवून, डावीकडे, एका रेषेत. मधेच काहीतरी पुटपुटले, कोटावर हात ठेवला. "हलू नका," म्हटलं. नाही हलले.

४ मार्च

जेवले नाहीत. कोट खुंटीला तसाच. पिनांची भोकं दिसतात.

६ मार्च

सेवानोंदींच्या कचेरीत जाऊन आले. माझी अख्खी नोकरी इस्पितळाच्या कपड्यांच्या भांडारात गेली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. मोजणीत कमी भरलं की मी एकच गोष्ट सांगायचे – वस्तू नाहीशी होत नसते, कुठेतरी पडलेली असते. धुलाईत, वॉर्डात, कुणाच्या पलंगाखाली. हेही तसंच असणार.

खिडकीत एक बाई. चष्मा दोरीला लटकवलेला, समोर बघायची सवय नाही.

"नोंद नाही म्हणजे पदक नाही."

"आणि नोंद करायचीच राहिली असेल तर?"

"तर सिद्ध करा."

"चूक तुमची आणि सिद्ध मी करू?"

"आजी, मागे रांग आहे."

आजी! म्हटलं, "आजी म्हणायला मला माझी नातवंडं आहेत. तुम्ही बाई म्हणा." तेव्हा तिने मान वर केली. मग जरा नीट बोलली. ह्यांच्यासारखे चालक दुसऱ्या पलटणींना उसने दिले जायचे. त्या काळात मिळालेलं पदक त्या दुसऱ्या पलटणीच्या आदेशात लिहिलं जायचं आणि माणसाच्या मूळ नोंदीत चढवायचं राहून जायचं. अशी बरीच प्रकरणं निघतात म्हणे.

अर्ज हवा. ह्यांची सही. आणि त्या वेळी बरोबर असलेल्या एका माणसाचं निवेदन. जीव भांड्यात पडला. सोपं आहे.

७ मार्च

सोपं नाही. अर्ज पुढे ठेवला. "नको."

"का नको?"

भिंतीकडे तोंड.

"अहो, तुमच्याच पदकांसाठी चाललंय हे!"

डोळे मिटून घेतले. झोपेत नाहीत, मला कळतं.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, बाबांना नको असेल तर सोड ना."

"तुझ्या बाबांना लोक खोटारडे म्हणतायत."

"तुला त्याचं दुःख आहे, की तुला काय म्हणतील त्याचं?"

फोन ठेवला. मीच.

१० मार्च

जिन्यात शेजारीण भेटली. "ऐकलं ते खरं का हो?" चेहऱ्यावर काळजी, डोळ्यांत नुसती मजा. "काय ऐकलंत ते आधी सांगा," म्हटल्यावर पिशवी उचलून घरात गेली.

पण सही का करत नाहीत? दिवसभर हेच डोक्यात.

आठवून पाहते आहे. "माझी पदकं" असं ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं का? "पदकं कुठे आहेत", "पदकं पुसायची आहेत" – हे ऐकलं. "ह्यांची" म्हणणारी मी. पाहुण्यांपुढे डबी उघडणारी मी. लेकीच्या लग्नाच्या बोलणीत व्याह्यांच्या हातात नेऊन दिली, तीही मीच. हे तेव्हा उठून बाहेर गेले होते. मला वाटलं, संकोच.

बाजारात विकत मिळतात, असं तो चिटणीस म्हणाला होता. मनात आलं ते लिहिलं. आता खोडणार नाही.

११ मार्च

कप फुटला. फुटला कसला, मीच आपटला.

१५ मार्च, शनिवार

मंडळाच्या शिपायाने पत्ता दिला – ह्यांच्या पलटणीचा आचारी अजून आहे. बसने गेले. सुनेची खानावळ आहे, तिच्या मागच्या खोलीत बसला होता लसूण सोलत. मला बघून हसायलाच लागला.

"वहिनी! तुमच्या लग्नात पाहिलं होतं तुम्हाला. तेव्हाही अशाच रागावलेल्या होतात!"

"रागावले नव्हते. चेहराच तसा आहे."

"बसा, बसा. सबंध पलटणीला जेवू घातलं, आता सून म्हणते, लसूण तरी धड सोला."

सगळं सांगितलं. तो मधे मधे भलतंच बोलत होता – सुनेचा गॅस, गुडघे, कुठल्याशा सुभेदाराची बायको. मी सभेचं सांगायला लागले तेव्हा त्याने हात वर केला.

"थांबा. पदकं कुठल्या बाजूला होती?"

"डावीकडे."

"छे! तो डावीकडे लावणारच नाही."

"मी लावली."

त्याने लसूण खाली ठेवला. माझ्याकडे न बघता सांगायला लागला.

गाडीवर दोघं असायचे. चालक आणि त्याचा सोबती. ह्यांच्या सोबत्याला सगळे उंट म्हणायचे, मान लांब म्हणून. उंटाला मागेपुढे कुणी नव्हतं. गाड्यांवरच्या ह्या दोघादोघांचा आपसात एक करार असायचा – जो मागे राहील त्याने दुसऱ्याची पदकं वर्षातून एकदा लावायची. आपली डावीकडे, गेलेल्याची उजवीकडे.

"उजवीकडे दिसली की कुणी काही विचारायचं नाही, वहिनी. नुसती मान हलवायची. आता मान हलवणारे तरी कुठे राहिलेत?"

"मग डावीकडे? ह्यांची स्वतःची?"

"होतं की एक! जाहीर झालेलं. पूल पेटला होता आणि ह्याने जखमींची गाडी काढली त्यावरून. शेजारी उंट. गाडी पोचली, उंट नाही पोचला." पुन्हा लसूण हातात घेतला, सोलला नाही. "पदक द्यायच्या दिवशी हा गाडीखाली तेल बदलत पडून राहिला. साहेबांनी हाक मारली, मी हाक मारली. बाहेर आला नाही. मला म्हणाला, त्या दिवसाचं मला काही नको."

निवेदन लिहून त्याची सही घेतली. कागदाला लसणाचा वास येतोय.

बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? बस लागते, म्हटलं. मला बस कधीच लागत नाही.

१६ मार्च

सकाळी ह्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "उजवीकडे."

कपाकडे बघत राहिले. मग – "आचारी?"

"हो."

"फार बोलतो. बोलण्याच्या नादात जेवण करपवायचा."

दोन आठवड्यांत एवढं पहिल्यांदाच बोलले.

"मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी सगळ्यांना दाखवत सुटले!"

"तू ती घासूनपुसून चमकवायचीस. उंटाचं तेवढं कुणी कधी केलं नव्हतं."

मी म्हटलं, "बरं, ते सोडा. सभेत? बाजू चुकली, एवढं म्हणायचं होतं. संपलं असतं."

"कुणी चुकवली, असं विचारलं असतं. तू शेजारीच उभी होतीस."

मी उठून ओटा पुसला. पुसलेलाच होता. पुन्हा पुसला.

दुपारी अर्ज पुढे ठेवला. "उंटाची आपली नाहीत, ती मागणार नाही. तुमचं एक आहे, ते मागणार."

"मी लावणार नाही."

"नका लावू. नोंद तर होऊ दे."

"हट्ट कशाला?"

"कमी भरलेलं मला चालत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

हसले – तोंडाची एकच बाजू हसते आता. डाव्या हाताने सही केली. शाळेतल्या पोरासारखी.

१९ मार्च

अर्ज दिला. "आजी – बाई," ती खिडकीतली म्हणाली, "उसन्या माणसांचे आदेश तळघरात असतात. शोधायला वेळ लागेल." म्हटलं, शोधा, मी येत राहीन. "ते कळलंच," म्हणाली.

तिथून मंडळात. चिटणिसाला उजवीकडचं सांगितलं. "नियमात असं कुठे नाही, बाई." म्हटलं, तुझ्या नियमात नसेल, ह्यांच्यात होतं. तो यादी घडी घालत, उलगडत बसला. "मग डावीकडे का लावली होती?"

"मी लावली. माझी चूक. लिहून हवी आहे का?"

नको म्हणाला. पण पदकंही दिली नाहीत. कचेरीतून काय येतं ते बघू, म्हणाला.

२ एप्रिल

ह्यांना ताप. खोकला खोल गेला आहे. डॉक्टर छातीला नळी लावून फार वेळ ऐकत होते. मला ते आवडलं नाही.

संध्याकाळी विचारलं, "उंटाची परत मिळतील?"

"मिळतील. नाहीतर त्या चिटणिसाच्या दारात बसेन."

"पुढच्या सभेला कोण लावणार?"

"तुम्ही. आणखी कोण?"

बघत राहिले माझ्याकडे. "बाजू लक्षात ठेव."

६ एप्रिल

इस्पितळात आणलं. माझ्याच इस्पितळात. चादरीच्या कोपऱ्यात अजून तोच निळ्या दोऱ्याचा टाका, माझ्या वेळेपासूनचा. एक कोपरा सैल होता. नीट खोचून घेतला. नर्स म्हणाली, "आम्ही करतो ना, आजी." करू दिलं नाही.

९ एप्रिल

खिडकीतल्या बाईंचा फोन आला. सापडलं! दुसऱ्या पलटणीच्या आदेशात, ह्यांचं पूर्ण नाव, पुलाचा उल्लेख, सगळं. नोंद चढवतील, पदक मागवतील.

ह्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ऐकलं असावं. डाव्या हाताची बोटं हलली.

२८ एप्रिल, सोमवार

कचेरीतून ताब्यात मिळालं – दुरुस्त सेवानोंदीची प्रत. पदक, डबीसह. पोचपावतीवर नात्यापुढे मी 'पत्नी' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी पावती माझ्याकडे परत सरकवली. मग हळू आवाजात – "बाई, आता विधवा लिहायचं असतं." लिहिलं.

मंडळातून ताब्यात मिळालं – उंटाची दोन पदकं. चिटणिसाने खुर्चीतून उठून दिली, स्वच्छ रुमालात बांधून. काही विचारलं नाही. नुसती मान हलवली.

एकूण पदकं तीन. पुढच्या सभेला माझ्या कोटावर. उजवीकडे.