घनीमाचा फोटो

कुवेत,
१४ फेब्रुवारी

चि. सबीकास, तुझ्या थोरल्या बहिणीचे सलाम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझे निरोपावर निरोप येत होते आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, म्हणून रुसली असशील. माझा मोबाइल बंद करून मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आहे. आमच्या ह्यांचा, बू मिशारींचा चुलतभाऊ उद्या बहारीनला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. कागद आपणहून काही ऐकत नाही आणि कुणाला काही दाखवत नाही, सध्या एवढ्यावरच माझा भरवसा आहे.

पाय मोडल्यामुळे तुला माझ्या लेकीच्या, दानाच्या दज्जाला येता आलं नाही, याची परवापर्यंत चुटपुट लागली होती. आता वाटतं, बरं झालं. सुरुवात मात्र दृष्ट लागावी अशीच होती. मुलाकडच्या बायका दज्जाच्या भेटींची तबकं घेऊन, गात गात आल्या. दारात टोपली घेऊन मीच उभी होते. एकेकीचा मोबाइल काढून घेतला, अगदी घनीमाचासुद्धा. मुलाची आई म्हणून तिला सूट दिली नाही. या घरातून कुणाचाही फोटो बाहेर जाणार नाही, असा सगळ्यांना शब्द दिला. फोटो मी एकटीनंच काढायचे आणि जिचे तिला छापून द्यायचे, असं ठरलं. म्हणजे अख्ख्या दालनात मोबाइल होता तो फक्त माझ्या हातात.

गाणी रंगात आली आणि घनीमा उठली. तिनं डोक्यावरचे केस काढून मांडीवर ठेवले. सबीका, तो टोप होता. खाली नुसतं डोकं, त्यावर बाळाच्या जावळाइतकी लव. तिनं अगदी शांतपणे सांगितलं की छातीचा आजार आहे, उपचार चालू आहेत, आणि घरात नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मुलाला, सऊदला, तर लग्न लागेपर्यंत कळताच कामा नये. तो इतके दिवस डब्लिनला होता म्हणून झाकलं गेलं. कळलं तर पोरगा तारीख मोडेल, तिकडची नोकरी सोडेल आणि आपल्या उशाशी येऊन बसेल, असं म्हणाली. मग म्हणाली की तुम्ही सगळ्या बायकाच आहात, आज मला उघड्या डोक्यानं नाचू द्या. आणि नाचली. आम्ही रडत रडत टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढला.

तेवढ्यात आतल्या दारावर धडाधड थापा पडल्या. मला वाटलं, बू मिशारींना काहीतरी झालं. दारापलीकडून आपला मिशारी ओरडत होता की यम्मा, मोबाइल बंद कर, तुझे फोटो दिवाणियात दिसताहेत. दिवाणियात म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, वीसेक जणांसमोर.

झालं होतं ते असं. दिवाणियातला जुना टीव्ही नवे कार्यक्रम घेईनासा झाला, म्हणून गेल्या महिन्यात मिशारीनं भिंतभर नवा आणला. या पोराला घरातली एकही वस्तू मुकी ठेवायची नाही. पण त्याचा मोबाइल एका कंपनीचा आणि टीव्ही दुसरीचा, दोघांचं काही केल्या जुळेना. माझा मोबाइल टीव्हीच्याच जातीचा निघाला. म्हणून त्यानं मला विचारून टीव्ही माझ्या नावावर जोडला. मीही मान डोलावली, मला काय ठाऊक. हा टीव्ही रिकामा बसला की मालकाचे ताजे फोटो आपणहून दाखवत राहतो, ही म्हणे त्याची हुशारी. फुटबॉलचा सामना संपला आणि तो हुशारी करू लागला.

घनीमानं टोप चढवला, टोपलीतून आपला मोबाइल उचलला आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या जावेकडून निरोप आला की कुणी काय पाहिलं ते कळेपर्यंत लग्नाची बोलणी थांबली आहेत. ती विचारते ‘कुणी’, पण तिला कुणाची धास्ती आहे ते मला कळतं. सऊद दिवाणियातून उठला तो थेट मित्रांच्या वाळवंटातल्या तंबूवर गेलाय आणि त्याचा मोबाइल बंद आहे. दाना जेवत नाही. पुरुषांच्या तोंडाला कुलूप. बू मिशारी म्हणतात ते कहवा ओतत होते, मिशारी म्हणतो तो दाराकडे धावत होता. तुझा खलीफा तिथेच बसला होता. कसंही करून त्याच्याकडून काढून घे, सऊदनं पाहिलं का?

माझ्यावरची माया तेवढी शाबूत ठेव. बाकी इथे कुणाची उरली असेल असं वाटत नाही.

तुझी,
लुलवा


मुहर्रक,
१८ फेब्रुवारी

माझ्या बहिणीस, उम मिशारीस, सबीकाचे सलाम आणि गालावर एक पापा. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. घनीमाला मी एकदाच भेटले होते, आपल्या आत्याच्या घरी. तिचे केस किती सुंदर आहेत असं मी तिला तोंडावर म्हणाले होते. आता ते आठवलं की जीभ चावून घ्यावीशी वाटते.

आमचे महाशय परत आल्यापासून तबकांबद्दलच बोलत होते. हलवा असा, खजूर तसे, तिसऱ्या तबकात पिस्ते जास्त. ज्या माणसाला स्वतःच्या ताटात काय आहे ते सांगता येत नाही, त्याला तबकं पाठ कशी, याचंच मला नवल वाटत होतं. तुझं पत्र आलं तसा माझा प्लास्टरचा पाय मी दारात आडवा टाकला आणि म्हटलं, सगळं सांगितल्याशिवाय मशिदीतही जाता येणार नाही. आधी कानावर हात ठेवले. मग दानाचं लग्न अडलंय म्हटल्यावर खाली बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. आधी तबकांचे फोटो आले, तेव्हा सगळे हसले. मग दानाचे मेंदीचे हात आले, तेव्हा हसू थांबलं. मग घनीमा आली, भिंतभर. ताई, वीस पुरुष एकदम खाली बघायला लागले. गालिच्यातलं फूल न् फूल पाठ झालंय, असं खलीफा म्हणतात. रिमोट कुणाच्या तरी मांडीखाली गेलेला. त्या टीव्हीला नुसतं बोलूनही बंद करता येतं म्हणे, पण वीस जण एकदम ओरडल्यावर तो कुणाचं ऐकणार? वायर नक्षीदार फळ्यांमागे चिणलेली. शेवटी घनीमाच्या नवऱ्यानं अंगावरचा जरीकाठी बिश्ताचा झगा काढून टीव्हीवर टाकला. एवढ्या मोठ्या टीव्हीला तो पुरेना, म्हणून स्वतः हात पसरून समोर उभे राहिले. तिथेच त्यांनी सगळ्यांकडून शब्द घेतला की कुणी विचारलं तर आपण तबकं पाहिली.

ज्यानं मान खाली घातली नाही असा एकच होता. त्याची आईच होती ती, त्यानं का नजर वळवावी? आई नाचतेय म्हणून सऊद आधी हसत होता. मग ते हसू तसंच राहिलं आणि चेहरा पांढराफटक झाला. त्यानं वडिलांना काहीतरी विचारलं. ते हात पसरून उभेच होते. सऊदनं चपला घातल्या आणि निघून गेला. हे सांगताना खलीफांचे डोळे भरून आले होते आणि मी त्यांना चिडवलं नाही, यावरून माझी अवस्था ओळख.

तेव्हा उत्तर हो आहे. त्यानं पाहिलं. हे घनीमाला तू स्वतः जाऊन सांग. मिशारीला पाठवू नकोस, निरोप धाडू नकोस. तिनं तुझ्या हातात मोबाइल दिला होता, तेव्हा हेही तिला तुझ्याच तोंडून कळायला हवं. ती काय बोलेल ते ऐकून घे.

आमच्या फ्रिजच्या दारावरही एक काच आहे, ती मी टॉवेलनं झाकली आहे. ती फक्त दूध संपल्याचं सांगते, असं खलीफा म्हणतात. तुझा मिशारीही असंच म्हणत असेल.

माझा विसर पडू देऊ नकोस आणि दानाला जबरदस्तीनं भरव.

तुझी धाकटी,
सबीका


कुवेत,
२४ फेब्रुवारी

चि. सबीकास, सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी घनीमाकडे गेले. रस्त्यात जे जे घोकलं होतं ते तिचं तोंड बघून विसरले आणि एका दमात सांगून टाकलं की सऊदनं पाहिलं, मान वळवली नाही, पूर्ण पाहिलं. तिनं आरडाओरडा करावा म्हणून मी जवळजवळ वाट बघत होते. तिनं मला खजूर पुढे केला. मग म्हणाली की सऊद परवाच तंबूवरून परतलाय, बाहेरच्या खोलीत चहा पीत बसतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो. त्याला कळलंय की नाही हे ती विचारत नव्हती आणि तो सांगत नव्हता. एकाच छपराखाली दोघं एकमेकांना फसवत होती.

मी तिथे असतानाच तो दारापलीकडे आला. सलाम केला, दानाची चौकशी केली, आणि मग त्यानं माझ्याकडे तो फोटो मागितला. त्याला तो क्षणभरच दिसला होता म्हणे, पण आईला इतकं हसताना त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. घनीमानं डोळे मिटून घेतले. लपवायचं म्हणून जे होतं ते तिथेच संपलं.

आणि सबीका, माझ्याकडे फोटो नव्हता. बायका घरी जाताच मी मिशारीला पुढ्यात बसवून सगळे पुसायला लावले होते. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून जातं, असं तो म्हणाला होता, तेव्हा मला केवढा दिलासा वाटला होता. मोबाइलमधून गेला, टीव्हीतून गेला, वर कुठे साठवतात तिथूनही गेला. घनीमाच्या घरच्या फोनवरूनच मी मिशारीला विचारलं. परत काही आणता येत नाही, असं तो रडवेला होऊन म्हणाला. वीस परक्या पुरुषांना आपणहून दाखवला, आणि पोटच्या मुलानं मागितला तेव्हा नाही. माझा त्या वस्तूंवर इतका संताप झाला की काय सांगू, आणि स्वतःवर त्याहून जास्त.

फोटो कुठेच उरला नाही, हे मी दारापलीकडे सांगितलं. घनीमानं मला अबाया नीट ओढून घ्यायला सांगितलं आणि त्याला आत बोलावलं. मी बसलेली, म्हणून तो खाली बघत उभा राहिला. तिनं टोप काढून उशीवर ठेवला आणि त्याला म्हणाली की फोटो गेला, आता मलाच बघ.

त्यानं बघितलं. जवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो उचलला नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले. नंतर दोघं जोरजोरात भांडली. ती म्हणत होती की लग्न ठरल्या तारखेला लावायचं आणि लगेच डब्लिनला निघायचं. त्यानं तारीख मान्य केली. डब्लिन नाही. ती ज्याला भीत होती नेमकं तेच झालं. मी निघताना तिनं माझा हात दाबून विचारलं की दाना इथेच राहायला तयार होईल ना? दाना कधीच तयार झाली आहे, हे मी तिला सांगितलं, तेव्हा मात्र ती रडली.

खलीफांना सलाम. पायाला लवकर बरं कर, लग्नाला तुला घ्यायला मी स्वतः येईन. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
लुलवा