खिंडीतली मोजणी

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता तुमच्या आठवणींचं पुस्तक निघतंय. जुन्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकी सातशे शब्द द्यायचे आहेत, माझी मुदत उद्या संपते. मी इथे कुवेतमध्ये एका तेल कंपनीची सुरक्षा-पत्रकं लिहिते. दर आठवड्याला एक, आणि इतक्या वर्षांत एकही उशिरा गेलेलं नाही. तुमच्यावरचे सातशे शब्द म्हणजे तासाभराचं काम. ‘डोंगरवेडे गणिताचे सर’ असं शीर्षकही टाकून ठेवलं होतं. काल दुपारी ते खोडलं.

काल सकाळी दहालाच दिवे लावावे लागले, इतकी धूळ होती. क्रेन थांबवल्या, भोंगा झाला, ऑफिसातले आम्हीही बाहेर जमायच्या जागी गेलो. सगळ्यांच्या तोंडाला फडकी, डोळ्यांवर गॉगल. आमचा केरळी फोरमन यादी घेऊन एकेकाच्या पुढ्यात उभा राहायचा, फडकं खाली ओढायला लावायचा आणि मगच खूण करायचा. मागून एका नंबरला कुणीतरी घाईने “हाजिर” म्हणालं. फोरमन सरळ तिकडे गेला.

“ये कौन बोला?”

“भाई, वो टॉयलेट में है. अभी आएगा.”

“तो उसका मुँह तेरे पास कैसे आया? मेरे को आवाज़ नहीं चाहिए. मुँह दिखाओ.”

लोक हसले. पण तो माणूस धावत येईपर्यंत फोरमनने आम्हा सगळ्यांना धुळीत उभं ठेवलं, आणि मला तुमची पाठ आठवली.

तुमची आठवते ती पाठच. वर्गात हजेरी घ्यायचात तीही फळ्यावर गणित लिहिता लिहिता, आमच्याकडे न बघता. कुणी मैत्रिणीची हजेरी लावली की तुम्ही खडू न थांबवता म्हणायचात, “एकीने दोघींचं बोलू नये.” आवाज ओळखण्याचा तुम्हाला फार गर्व होता. डोंगरातही तीच तऱ्हा. तुम्ही पुढे, आम्ही सात जण मागे, ओळीने. दर अर्ध्या तासाला थांबायचं, मान न वळवता “मोजा” म्हणायचं, आम्ही एक, दोन, तीन ओरडायचं, आणि सात ऐकू आलं की तुम्ही चालू लागणार. एखादा आकडा अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून, वर भाषण. “लोणच्याच्या बरण्या नुसत्या. सहलीला आलात का?” मागे वळून बघणं तुम्हाला नेत्याला न शोभणारं वाटे. या कल्पनेला तुम्ही तत्त्व म्हणायचात. मी आळस म्हणते.

हिमालयात नेलंत तेव्हा, खिंड ओलांडायच्या त्या सकाळी वाटाड्या तुम्हाला म्हणाला होता, “सर जी, आज रहने दो. हवा उल्टी है, ऊपर कुछ नहीं दिखेगा.” आणि तुम्ही, आपल्या नाशिकची मान खाली जाईल अशा हिंदीत, “हम सह्याद्री का आदमी है. हमको डर मत बताओ.” सह्याद्रीत बर्फ पडत नाही, हे त्याने भिडेपोटी सांगितलं नाही आणि आम्ही भीतीपोटी. तो यायला तयार नव्हता. “ठीक है, तुम चाय पियो,” असं म्हणून तुम्ही निघालात.

दोन तासांत बर्फ गुडघ्यापर्यंत येतं. ते वरून पडत नाही, आडवं येऊन कानात शिरतं. खिशातली गुळपोळी दाताने तुटत नाही. पुढच्याची सॅक दिसते, नाही दिसते. खिंडीच्या अलीकडे तुम्ही थांबता, “मोजा” म्हणता, आम्ही मोजतो, तुम्ही निघता. मग खिंड, मग उतार, आणि दगडी झोपड्यांपाशी पोचल्यावर तुम्ही दिवसभरात पहिल्यांदा वळता. आम्ही सहा जण आहोत. सातवी, माझी मैत्रीण, नाही.

तुम्ही परत वर गेलात, हे खरं. पण ती सापडली वाटाड्याला. चहा टाकून तो आमच्या पावलांवरून मागे आला होता. बुटाची नाडी बांधायला तिने हातमोजा काढला, वाऱ्याने तो नेला, आणि ती एका खडकाआड हात काखेत धरून बसली होती. त्याने तिला पाठीवर घेतलं. तुम्ही अर्ध्या वाटेत भेटलात आणि तिची सॅक घेऊन आलात. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं काढावी लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या वडिलांना तुम्ही एवढंच म्हणालात, “मोजणीत माझी चूक झाली.”

हे वाक्य मी इथे कुवेतच्या मंगफ वस्तीतल्या किती मराठी घरांत, जेवणानंतर, तुमचा आवाज काढून म्हणून दाखवलंय. सातपर्यंत मोजता न येणारा गणिताचा मास्तर. लोक पोट धरून हसतात. एका पत्रकातही तुम्हाला वापरलंय, नाव न घेता: पुढारी कसा नसावा.

पुस्तक ती मैत्रीणच काढते आहे. तीही गणितच शिकवते, खडू डाव्या हातात धरते. परवा फोनवर म्हणाली, “तूच लिही गं. सर माझ्यासाठी परत वर आले होते, ते नक्की लिही.” मी म्हटलं, लिहिते.

तुम्ही मान वळवायला हवी होती, सर. फोरमनला जे कळतं ते तुम्हाला कळायला हवं होतं. यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण खिंडीच्या अलीकडे मी “सहा” म्हटलं आणि मागून काहीच आलं नाही. वाटलं, नाडी बांधत असेल, येईल. पुन्हा पहिल्यापासून मोजणी, तुमचं भाषण, तेवढा वेळ त्या वाऱ्यात उभं राहणं नको झालं. वर्गात काढायचे तसा बारीक आवाज काढून मी “सात” म्हटलं.

वाऱ्यात तुम्हाला ओळखू आलं नसेल, असं मी आजवर धरून चालले. व्हरांड्यात ते वाक्य म्हणताना मात्र तुम्ही तिच्या वडिलांकडे बघत नव्हतात. माझ्याकडे बघत होतात.

उद्या तिला सातशे शब्द जातील, वेळेच्या आत. त्यांत हे नसेल. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि मी लिहिते आहे तुम्हाला.